घरातलं हसू हाही प्रसाद



 नमन झालं, नाम झालं, पेटी-तबला जुळला. आज आपण काशीदला बसलो आहोत. कोणी अलिबागकडून रेवदंड्याचा पूल ओलांडून चालत आलात, कोणी मुरूडकडून. पाय दुखत असतील, खुशाल मांडी मोडून बसा. देव पायांकडे बघत नाही, कानाकडे बघतो.

सुरुवातीलाच एक प्रश्न विचारतो. गेल्या आठ दिवसांत तुमच्या घरातली सगळी माणसं, म्हातारी-कोतारी, सून, मुलगा, नातवंडं, एका जागी बसून एकाच गोष्टीवर पोट धरून हसली, असं किती घरांत झालं? हात वर करा बघू.

चार हात. मंडपात तीनशे माणसं आहेत आणि हात चार!

आज पूर्वरंगात मी यावरच बोलणार आहे. तुम्ही म्हणाल, बुवा आता टीव्हीला शिव्या घालणार. नाही. टीव्हीला शिव्या घालणारे कीर्तनकार तुम्ही पुष्कळ ऐकलेत, त्यातला एक मीच होतो. ते पुढे सांगेन. आज सांगायचंय ते टीव्हीवर जे चांगलं होतं आणि गेलं, त्याबद्दल.

मुंबईचं दूरदर्शन सुरू झालं 2 ऑक्टोबर 1972 ला. त्या दशकाच्या शेवटाला मी मुंबईत कीर्तन शिकत होतो, एका चाळीत राहत होतो. मजल्यावर टीव्ही एकच, तोही काळा-पांढरा. ‘चिमणराव’ लागायचं तेव्हा त्या खोलीत पंचवीस माणसं, दारात दहा, आणि आमच्यासारखी पोरं खिडकीच्या गजाला. दिलीप प्रभावळकर चिमणराव, बाळ कर्वे गुंड्याभाऊ. मूळ लिहिणारे चिं. वि. जोशी. हा माणूस बडोद्याला पाली शिकवणारा पंडित, आणि त्यानं लिहिलं कोणाबद्दल? एका भोळ्या, घाबरट, साध्या संसारी माणसाबद्दल. बायको काऊ, मुलं मोरू-मैना, आणि धिप्पाड गुंड्याभाऊ. काही ठरवायला जावं आणि भलतंच व्हावं. बस्, एवढंच.

मग पंचवीस माणसं हसत का होती? प्रत्येकाला वाटत होतं की हे आपल्याच घरात घडतंय. खोलीचे मालक हसता हसता बायकोकडे बघायचे, बायको त्यांच्याकडे बघून पदर तोंडाला लावायची. चिमणराव चुकले की मालकांना आपली चूक आठवायची. कोणी उपदेश केला नाही, कोणी बोट दाखवलं नाही. माणूस स्वतःलाच हसला आणि हलका होऊन झोपायला गेला.

भरतमुनींनी नाट्यशास्त्रात हास्याचे सहा प्रकार सांगितलेत. स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित, अतिहसित. पहिले दोन उत्तम माणसांचे, मधले दोन मध्यमांचे, शेवटचे दोन अधमांचे. म्हणजे हसणं वाईट नाही, पण हसण्यालाही पायऱ्या आहेत. मला विचाराल तर मी आणखी एक सोपं माप सांगतो. ज्या हसण्यात बोट दुसऱ्याकडे, ते हसणं अहंकार वाढवतं. ज्या हसण्यात बोट आपल्याकडे, ते अहंकार झिजवतं. आणि अहंकार झिजवणं म्हणजेच तर परमार्थ! दुसरं काय करतो आपण इथे?

समर्थांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकात पहिल्याच समासात मूर्खाची लक्षणं सांगितली. मी ती सांगू लागलो की मंडपात हमखास हशा होतो, आणि प्रत्येक जण शेजाऱ्याकडे बघतो! पण समर्थ हुशार. त्याच दशकाच्या दहाव्या समासात ते पढतमूर्खाची लक्षणं सांगतात. तिथे बघायला शेजारी सापडत नाही. तिथे बुवालाच आरसा घ्यावा लागतो.

आणि नाथमहाराज? सासू-सुनेची मालिका टीव्हीवाल्यांनी काढली असं वाटतं तुम्हाला? चारशे वर्षांपूर्वी पैठणला नाथांनी काढली! त्यांच्या भारुडातली ती बाई भवानीला रोडगा वाहायचा नवस बोलते. का? सासऱ्याचा ताप जाऊ दे, सासू जाऊ दे, जाऊबाई, नणंदेचं पोर, अगदी नवरासुद्धा जाऊ दे, मला एकटीला राहू दे! ऐकणाऱ्या बाया हसून लोळायच्या, कारण प्रत्येकीच्या मनात कधी ना कधी तो नवस येऊन गेलेला. सासवाही हसायच्या, कारण त्याही एके काळी सुनाच होत्या. आणि हसून झालं की नाथ हळूच आत नेतात, की बाई गं, ही सगळी नाती म्हणजे तुझ्या मनातले विकार. ते गेले की तू एकटी, म्हणजे तू आणि देव. कडू औषध गुळात घालून द्यावं तसं. सासू-सून तीच, पण नाथांच्या अंगणातून दोघी हसत घरी गेल्या. आजच्या मालिकेतून दोघी रुसून उठतात. फरक एवढाच.

चिमणरावांनंतरही ही वाट बंद पडली नव्हती. 2001 साली अल्फा मराठीवर ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ सुरू झालं. दिग्दर्शक केदार शिंदे. चिमणराव झालेले प्रभावळकरच आता आजोबा झाले, आबा टिपरे. त्यांच्याच ‘अनुदिनी’ या लिखाणावर ती मालिका उभी होती. घरात पाच माणसं. आबा, मुलगा शेखर, सून श्यामल, नातू शिऱ्या, नात शलाका. ना खून, ना कारस्थान, ना कोणी विष कालवतंय. आबांचा हट्ट, शेखरची चिडचिड, श्यामलची धावपळ, पोरांची धांदल. आठवड्याला एक गोष्ट, आणि ती त्याच दिवशी संपायची. भांडण झालं तर त्याच दिवशी मिटायचं. मिटवून झोपायचं, हा घराचा धर्म आहे मायबाप!

मग हे गेलं का? कोणी दुष्टानं बंद केलं असं नाही. हिशेब बघा. रोज भाग दाखवायचा ठरलं. रोज म्हणजे उद्या परत माणूस बसला पाहिजे. तो कधी बसेल? आजचं भांडण अर्धं राहिलं तर. ज्या घरात समेट झाला, त्या घराची मालिका संपली! म्हणून समेट होऊ द्यायचा नाही. ‘चार दिवस सासूचे’ नावाची मालिका अकरा वर्षं चालली, तीन हजारांवर भाग झाले. नाव चार दिवसांचं हो!

दुसरी गोष्ट, टीव्ही एक होता तेव्हा त्यावर दिसणारं सगळ्यांना चालेल असंच लागायचं. आजोबाला लाज वाटता कामा नये आणि नातवाला कंटाळा येता कामा नये. आता प्रत्येकाच्या हातात आपापला पडदा. आजोबा एकीकडे हसतो, नातू दुसरीकडे, आणि दोघांना एकमेकांचं हसू कळत नाही. आज विनोद टीव्हीवर नाही असं मी म्हणणार नाही. ‘हास्यजत्रे’तली पोरं गुणी आहेत, मीही बघतो. पण ते प्रहसन झालं, दहा मिनिटांचं. दर आठवड्याला भेटणारं, आपल्यासारखंच वेंधळं, एकमेकांवर जीव असलेलं घर, ते दुर्मीळ झालं.

आता उत्तररंग. उत्तररंगात आख्यान लावायचं असतं, राजा हरिश्चंद्राचं किंवा भक्त प्रल्हादाचं. आज आख्यान माझं लावतो. कथानायक मोठा नाही, क्षमा करा.

आमचं घर इथून फार लांब नाही. माझे वडील, अण्णा, तेही कीर्तनकारच. तेव्हा ऐंशीच्या घरात होते. एकदा मी बाहेरगावचं कीर्तन करून संध्याकाळी घरी आलो. माजघरात टिपरे लागलेलं. अण्णा खुर्चीत, आमची मंडळी खाली भाजी निवडत, दोन्ही मुलं अण्णांच्या पायाशी. आबांनी पडद्यावर काहीतरी हट्ट धरला होता. मुलगी म्हणाली, “हे अगदी आपल्या अण्णांसारखंच!” आणि सगळ्यात मोठ्यानं कोण हसलं? अण्णा. डोळ्यांतून पाणी येईस्तोवर.

मी दारातच उभा राहिलो. नुकताच मंडपात दीड तास टीव्हीच्या विरोधात बोलून, टाळ्या घेऊन आलो होतो. अंगात तोच वारा. मी विचारलं, “हरिपाठ झाला का?”

अण्णा म्हणाले, “झाला. तू हातपाय धुऊन ये, बस इथे.”

मी बसलो नाही. मी बटण बंद केलं.

घर गप्प झालं. मुलं उठून गेली. मंडळींनी भाजीची पाटी उचलली. अण्णा काठी टेकत उठले, माझ्याजवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, “अरे, तू कीर्तनात लोकांना हसवतोस, त्याची बिदागी घेतोस. आम्ही घरात फुकट हसलो तर तुला राग का यावा?” आणि ओटीवर जाऊन बसले.

मला उत्तर सुचलं नाही. क्षमा मागावी एवढंही सुचलं नाही. मी शास्त्री, मी बुवा! पुढच्या आषाढात अण्णा गेले. ते बोलणं तसंच राहिलं. पढतमूर्खाची लक्षणं मी पाठ केली होती, मायबाप. त्या दिवशी ती जगलो.

पुढे रोजच्या मालिका आल्या. मुलाचं लग्न झालं, सून आली. सासू एक मालिका बघायची, सून आतल्या खोलीत दुसरी. एक दिवस आमटी खारट झाली. मंडळी म्हणाल्या, “हे कुणीतरी मुद्दाम केलंय.” मीठ दोघींनी घातलं होतं, एकीनं दुसरीला सांगितलं नव्हतं, एवढंच! टिपऱ्यांच्या घरात यावर वीस मिनिटं हसले असते. आमच्या घरात चार दिवस अबोला. मी मध्ये पडलो नाही. मी कीर्तनाला जात होतो, लोकांच्या घरात सुख नांदावं म्हणून.

मग आलं 2020. आधी टाळेबंदी, कीर्तनं बंद. आणि 3 जूनला निसर्ग चक्रीवादळ. तुम्ही काशीदकर, मुरूडकर, तुम्हाला काय सांगू? नारळी-पोफळी आडव्या, सुरूची झाडं मुळासकट पडलेली, कौलं उडालेली. आमच्या वाडीत कित्येक दिवस वीज नाही. टीव्ही मुका, मोबाइलही मुका.

एका रात्री ओटीवर कंदील लावून सगळे बसलो होतो. बोलायला काही नव्हतं. नात सात वर्षांची. ती आत गेली, माझं उपरणं खांद्यावर टाकून आली, हातात चिपळ्यांच्या जागी दोन पळ्या. समोर उभी राहिली, भुवया वर केल्या आणि माझ्याच आवाजात गरजली, “हरिपाठ झाला का?”

क्षणभर कोणी श्वास घेईना. सगळे माझ्याकडे बघू लागले. खोटं कशाला बोलू, पहिल्यांदा रागच आला. हात वर गेला होता. आणि तेवढ्यात, त्याच ओटीवर, अण्णांचा आवाज आला. फुकट हसलो तर तुला राग का यावा?

मी हसलो. आधी मी हसलो, मग सगळे सुटले. सासू-सून एकमेकींच्या खांद्यावर डोकं ठेवून हसल्या. मुलगा म्हणाला, “बाबा, तुम्ही असेच दिसता खरं!” मग खारट आमटी निघाली, आणि कोणी किती मीठ घातलं त्याचा हिशेब अठरा दिवसांच्या महाभारतासारखा रंगला. रात्र सरत आली तेव्हा मी त्यांना बटणाची गोष्ट सांगितली. मंडळी म्हणाल्या, “अहो, आम्हाला आठवते ती. तुम्हाला आठवते हे आज कळलं.” अण्णांची क्षमा अठरा वर्षांनी मागितली. माणूस नव्हता, पण ओटी तीच होती.

वीज आली, मालिका परत आल्या. पण तेव्हापासून आमच्या घरी नेम आहे. रात्री हरिपाठ झाला की पडदे बंद, आणि एकानं त्या दिवशीचा आपला स्वतःचा वेंधळेपणा सांगायचा. दुसऱ्याचा सांगायचा नाही, तो नियम. सुरुवात वडीलधाऱ्यानं करायची, म्हणजे मीच. खाद्याची कमतरता पडत नाही!

मायबाप, टिपरे, चिमणराव परत येतील की नाही ते तुमच्या-माझ्या हातात नाही. आले तर मी पहिला बसेन. चिं. वि. जोशींची पुस्तकं मिळतात, ती आणून मोठ्यानं वाचा. पण त्या मालिकेनं जे काम केलं, घरानं घराला हसावं आणि त्याच दिवशी मिटवावं, ते काम आपल्या ओटीवर होऊ शकतं. त्याला वीज लागत नाही. आज इथून प्रसाद घेऊन जाल, तो घरी वाटून खाल. हे हसूही तसंच न्या, वाटून घ्या. आणि घरात कोणी तुमची नक्कल केली तर बटण बंद करू नका. माझ्यासारखी अठरा वर्षं वाट बघावी लागेल.

बोला, पुंडलिक वरदा हारी विठ्ठल! श्री ज्ञानदेव तुकाराम! पंढरीनाथ महाराज की जय!