मनुष्यदेहाची घडण अद्याप चालू आहे काय?



मनुष्यदेह पूर्वीच पूर्णत्वास पोहोचला, आता त्यात पालट संभवत नाही, असा अनेकांचा समज आहे. तो यथार्थ नव्हे. हळर्णाहून दक्षिणेस मांडवीतीरी वसलेले जुने गोवे हिवताप व पटकी यांनी ओस पडले आणि १८४३ मध्ये पणजी राजधानी झाली. ज्या हिवतापाने नगरे ओस पाडली, त्यानेच पिढ्यानुपिढ्या मनुष्याचे रक्तही पालटविले.

विदर्भात व सातपुड्यात आढळणारा सिकलसेल हा रक्तदोष पाहावा. मातापित्यांपैकी एकाकडूनच तो आला, तर हिवतापाच्या प्राणघातक आघातापासून पुष्कळ रक्षण होते, हे ॲलिसन यांनी १९५४ मध्ये आफ्रिकेतील अभ्यासावरून दाखविले. दोघांकडूनही आला, तर अपत्यास जन्मभर यातना भोगाव्या लागतात. हिवताप ओसरला की लाभ संपतो, दोष मात्र अनेक पिढ्या मागे राहतो. तात्पर्य, देहाची घडण चालू आहे. परंतु पालट म्हणजे उन्नती नव्हे.

म्हणून रुग्ण बालकाच्या मातेस पातकाचा बोल लावणे अनुचित होय. विवाहापूर्वी वधूवरांची रक्तपरीक्षा करावी. दोघेही वाहक असल्यास प्रत्येक अपत्यास रोगाचा संभव चारांत एक असतो. निसर्गाला दया ठाऊक नाही. ती मनुष्यानेच आचरावयाची आहे.