बंबाचे पाणी का तापत नाही?



मार्गशीर्ष-पौषात थंडी पडली की जुन्नर-आंबेगावच्या घरोघरी सकाळी एकच तक्रार ऐकू येते : "आज पाणी तापलंच नाही!" मग कुणी बंबाला नावे ठेवतो, कुणी सरपणाला, तर कुणी बंब बसवून देणाऱ्या कारागिराला. पश्चिमेला भीमाशंकर आणि नाणेघाटाकडच्या वाड्यावस्त्यांवर अजून लाकडाचा बंब किंवा चुलीवरचा हंडा तापतो. मंचर, नारायणगाव, ओतूर या बाजूला गच्चीवर उन्हाचा, म्हणजे सौर बंब दिसतो. कुठे न्हाणीच्या भिंतीवर गॅसचा गिझर असतो. साधने तीन, पण त्यांची दुखणी बरीचशी सारखी. ती घरच्या घरी कशी ओळखावीत, आणि त्यांतली कोणती जिवावर बेतू शकतात, एवढेच आज सांगायचे आहे.

आधी थोडा हिशेब करू. एक लिटर पाणी एक अंश सेल्सिअसने तापवायला एक किलोकॅलरी उष्णता लागते. वीस लिटरची बादली वीस अंशांवरून पंचेचाळीस अंशांवर न्यायची, तर वीस गुणिले पंचवीस, म्हणजे ५०० किलोकॅलरी झाल्या. एक किलो सुके लाकूड जळले की साधारण ४,००० किलोकॅलरी उष्णता मिळते. म्हणजे सगळी उष्णता पाण्यात उतरली, तर एका बादलीला १२५ ग्रॅम लाकूड पुरावे. ओंजळभर काटक्याच म्हणा ना! प्रत्यक्षात मात्र त्याच्या कितीतरी पट सरपण जाते. मग बाकीची उष्णता गेली कुठे? तिची वाट शोधली की दुखणे सापडलेच म्हणून समजा.

पहिली वाट ओल्या लाकडाची. ओल्या लाकडातले पाणी वाफ होऊन गेल्याखेरीज लाकूड धड पेटत नाही. एक लिटर पाण्याची अशी वाफ व्हायला सहाशेहून अधिक किलोकॅलरी खर्ची पडतात. म्हणजे सरपणात लिटरभर पाणी असले, तर एका बादलीची उष्णता आपण नुसती हवेत सोडली! म्हणून बंबफोड पावसाळ्यापूर्वीच फोडून वळचणीला कोरडी रचून ठेवावी. ढलप्या मनगटाएवढ्या जाड नकोत, अंगठ्याएवढ्या असाव्यात. तुराट्या, मक्याची दाणे काढलेली कणसे, वाळकी चिपाडे हीसुद्धा चांगली जळतात. हिरड्याच्या झाडाला मात्र हात लावू नका. दरवर्षी त्याचे फळ विकून जे चार पैसे येतात, ते त्याच्या लाकडाला कधी यायचे नाहीत.

आणि एक गोष्ट. सरपण संध्याकाळी उजेड असतानाच घरात आणून ठेवा. आपल्या भागात उसाच्या आडोशाने बिबट्या वावरतो, हे तुम्हांला मी सांगायला नको. माणिकडोहला बिबट्यांसाठी निवारा केंद्र उभारावे लागले ते उगीच नव्हे. पहाटेच्या अंधारात उसाच्या कडेच्या ढिगाऱ्यातून लाकडे काढायला बाई-माणसाने वाकणे बरे नव्हे.

दुसरी वाट राखेची आणि काजळीची. बंबाच्या मधल्या नळकांड्यात खाली जाळी असते. जाळीतून वर हवा येते आणि जाळ धरतो. कालची राख तशीच राहिली की हवा कोंडते, जाळ धुमसतो, धूर काळा होतो. रोज राख काढा आणि आठवड्यातून एकदा काथ्याच्या किंवा तारेच्या ब्रशाने नळकांड्याची आतली काजळी खरवडा. काजळी म्हणजे उष्णतेच्या वाटेवरचे घोंगडेच.

तिसरी वाट डोळ्यांना दिसत नाही, कारण ती पाण्याच्या बाजूला असते. विहिरीच्या आणि बोअरच्या पाण्यात क्षार विरघळलेले असतात. पाणी तापले की त्यांतला चुना वेगळा होऊन तांब्याला पांढऱ्या खडूसारखा चिकटतो. तांब्यातून उष्णता जितकी सहज जाते, तिच्या शंभराव्या हिश्श्यानेही या थरातून जात नाही. बंब तापताना आत खडखड आवाज येऊ लागला, तोटीची धार बारीक झाली, किंवा पूर्वी जेवढ्या लाकडात चार बादल्या निघत तेवढ्यात आता तीनच निघतात असे दिसले, की थर जमला असे समजावे. त्यावर उपाय आजीबाईच्या बटव्यातलाच. बंब गार असताना त्यात चिंचेचे आंबट पाणी किंवा लिंबाचा रस मिसळलेले पाणी भरून रात्रभर ठेवावे. सकाळी हलवून ओतून द्यावे आणि दोन-तीनदा साध्या पाण्याने धुवावे. थर जाड असेल तर पुन्हा करावे. छिन्नी-हातोडी मात्र चालवू नये, तांबे फाटते.

बंबाच्या बाबतीत तीन पथ्ये कडक पाळा. रिकाम्या बंबात जाळ घालू नका. झाळ वितळून सांधे सुटतात. बंबाचे पाणी भरायचे तोंड बूच मारून घट्ट बंद करू नका. कोंडलेली वाफ बंब फोडू शकते. आणि पेटता बंब किंवा निखाऱ्याची शेगडी दार-खिडकी बंद केलेल्या न्हाणीत ठेवू नका. याचे कारण पुढे सांगतो.

आता गच्चीवरच्या सौर बंबाकडे वळू. याच्याबद्दलची निम्मी तक्रार हिशेब न केल्यामुळे होते. शंभर लिटरच्या टाकीत चांगल्या उन्हाच्या दिवशी पाणी साठ अंशांच्या आसपास जाते. त्यात तेवढेच वीस अंशांचे गार पाणी मिसळले, तर चाळीस अंशांचे दोनशे लिटर, म्हणजे वीस लिटरच्या दहा बादल्या झाल्या. प्रत्यक्षात टाकीत गार पाणी शिरत राहते आणि रात्रीतून थोडी उष्णताही जाते, म्हणून सात-आठ धरा. घरात नऊ माणसे, वर धुण्याला आणि गोठ्याला त्याच तोटीचे पाणी. मग शेवटच्याला गार पाणी आले, तर तो बंबाचा दोष नव्हे. सकाळचे पाणी हे कालच्या उन्हाचे असते, हेही ध्यानात ठेवा. काल आभाळ होते किंवा संध्याकाळी कुणी मनसोक्त आंघोळ केली, तर आज त्याची भरपाई कुठून होणार?

हिशेब जुळूनही पाणी कोमट येत असेल, तर क्रमाने पाहा.

पहिली गोष्ट दिशा आणि सावली. बंबाचे तोंड दक्षिणेला हवे. आपला भाग १९ अक्षांशावर आहे. २२ डिसेंबरच्या सुमाराला भर दुपारीसुद्धा सूर्य क्षितिजापासून सत्तेचाळीस अंशच वर येतो. म्हणून बंब जमिनीशी तीस-पस्तीस अंशांचा कोन करून बसवतात. त्या दिवशी एक मीटर उंचीच्या काठीची दुपारची सावली सुमारे ९२ सेंटिमीटर पडते. बंबाच्या दक्षिणेला तीन मीटर उंच भिंत असेल, तर तिची सावली पावणेतीन मीटरपर्यंत पोचते, आणि सकाळ-संध्याकाळ त्याहून लांब. उन्हाळ्यात बंब बसवला तेव्हा सावली नव्हती, हिवाळ्यात ती आली, असे पुष्कळ ठिकाणी होते.

दुसरी गोष्ट धूळ. मळणीची, रस्त्याची धूळ नळ्यांवर बसते. ती सकाळी लवकर, नळ्या गार असताना पुसावी. दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी ओतले तर काच तडकते. टाकी रिकामी राहून नळ्या कोरड्या तापल्या असतील, तर पाणी भरायलाही सूर्य मावळेपर्यंत थांबावे.

तिसरी गोष्ट नळीची लांबी. गच्चीवरून न्हाणीपर्यंत वीस मीटर पाऊण इंची नळी असेल, तर तिच्यात सुमारे सहा लिटर पाणी मावते. रात्री ते गार झालेले असते आणि सकाळी आधी तेच येते. ते ओतून न देता बादलीत धरा, भांड्यांना वापरा. उघड्यावरच्या नळीला उष्णतारोधक वेष्टण घातले की बराच फरक पडतो.

चौथे दुखणे चोरटे असते. गरम-गार पाणी एकत्र करणारी तोटी, जिला मिक्सर म्हणतात, ती बिघडली किंवा अर्धवट उघडी राहिली की गार पाणी आतल्या आत गरम पाण्याच्या नळीत शिरते. पारख सोपी आहे. सौर टाकीतून गरम पाणी जिथून निघते तिथली चावी बंद करा आणि न्हाणीतली गरम पाण्याची तोटी उघडा. नळीतले उरलेले पाणी संपून धार थांबली, तर सर्व ठीक. धार चालूच राहिली, तर कुठल्यातरी मिक्सरमधून गार पाणी घुसते आहे. एकेक मिक्सर तपासला की चोर सापडतो.

पाचवी गोष्ट हवेची. गरम पाण्याची धार धापा टाकल्यासारखी तुटक येत असेल, तर नळीत हवा अडकली आहे. टाकीवर उभी असलेली हवेची नळी मोकळी आहे ना, आणि गार पाण्याची टाकी सौर टाकीहून उंच आहे ना, एवढे पाहावे. हवेची नळी बंद कधीही करू नये.

आता गॅसचा गिझर. तो पेटतच नसेल, तर आधी त्यातले सेल बदला. मग पाणी आत येते तिथली बारीक जाळी काढून धुवा. पाण्याचा पुरेसा दाब आल्याखेरीज हा गिझर गॅस सोडत नाही. म्हणून वरची टाकी फार खाली असेल तरी तो अडतो. पेटतो पण पाणी कोमट देतो, तेव्हा तोटी थोडी कमी करा. ज्योत मिनिटाला ठरावीकच उष्णता देते. ती दहा लिटरांत वाटण्याऐवजी पाच लिटरांत वाटली, तर पाणी दुप्पट चढते.

पण मंडळी, या गिझरच्या बाबतीत खरा प्रश्न पाण्याचा नाही, हवेचा आहे. एक किलो गॅस नीट जळायला पंधरा किलोंहून अधिक हवा लागते. आपल्या लहान न्हाणीत सगळी मिळून हवा असते पाचेक किलो. दार-खिडकी लावून गिझर चालू ठेवला की प्राणवायू घटत जातो, ज्योत निळीची पिवळी होते आणि कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोके जड होते, मळमळते, पाय लटपटतात, आणि कडी काढायच्या आतच माणूस कोसळतो. लाकूड-कोळशाच्या धुमसत्या बंबाचेही तेच. म्हणून गिझर न्हाणीच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवावा. आत असेल तर बादली भरून घ्यावी, गिझर बंद करावा, दार-खिडकी उघडून हवा खेळू द्यावी आणि मगच आंघोळीला जावे. कुणी बेशुद्ध पडलेले दिसले, तर आधी दारे उघडा, गॅस बंद करा, माणसाला मोकळ्या हवेत आणा आणि तडक दवाखान्यात न्या.

लहान मुलांसाठी आणखी एक सवय लावा. बादलीत आधी गार पाणी, मग गरम. उलटे केले आणि मूल मध्येच बादलीत हात घालून बसले, तर साठ अंशांचे पाणी क्षणात पोळते.

शिक्षक मित्रहो, या विषयात शाळेला पुष्कळ काम आहे. २२ डिसेंबरला मैदानात मीटरची काठी उभी करून मुलांकडून दुपारची सर्वांत आखूड सावली मोजून घ्या. दोन बाटल्यांत बोअरचे आणि साठवलेले पावसाचे पाणी सारखे घेऊन, अंगाच्या साबणाचे चार-चार थेंब द्रावण घालून हलवायला सांगा. एकीत फेस येईल, दुसरीत पांढरा साका. बंबातल्या थराच्या तुकड्यावर लिंबू पिळले की बुडबुडे उठतील. मुले हे घरी जाऊन सांगतील, आणि गिझरची खिडकी उघडी ठेवायलाही तीच आईला आठवण करतील.

तेव्हा पाणी तापले नाही, तर रागावू नका. आधी हिशेब करा, मग राख, काजळी, थर, सावली, तोटी असे एकेक पाहत जा. कारागिराला त्यानंतर बोलवा आणि काय काय पाहिले ते त्याला सांगा. त्याचे कामही सोपे होईल आणि तुमचे पैसेही वाचतील. आणि न्हाणीत जाळ किंवा गॅस असेल, तर पाण्याच्या आधी हवेची चौकशी करा. पाणी गार मिळाले तर दिवस निघून जातो. हवेवाचून निघत नाही.