लॅमिनेशन केलेला निकाल

मागच्या रांगेत शिट्ट्यांच्या तयारीत बसलेल्या मित्रांनो,

माझ्यानंतर नाच आहेत, हे ठाऊक आहे. लवकर आटोपतो. यवतमाळच्या कोर्टात उभं आयुष्य गेलं, तेव्हा सांगणार खटलाच.

जून 2003. नाशिक जिल्ह्यात एका झोपडीवर दरोडा पडला, पाच जीव गेले. भटक्या जमातीतले सहा मजूर धरले. सत्र न्यायालयाने सगळ्यांना फाशी सुनावली, उच्च न्यायालयाने तिघांची जन्मठेपेवर आणली, 2009 साली सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सहाही जणांना फाशी सुनावली. आणि 5 मार्च 2019 ला त्याच न्यायालयात न्या. सिक्री, न्या. नझीर आणि न्या. शहा यांनी सहाही जणांना निर्दोष सोडलं. का? हल्ल्यातून वाचलेल्या बाईने दोनच दिवसांत पोलिसांकडच्या फोटोंतून चार वेगळीच माणसं ओळखली होती. त्यांच्यावर खटलाच भरला नाही. सहांतला एक तर तेव्हा अल्पवयीन होता.

इंग्रजांचा गुन्हेगार जमातींचा कायदा 1952 ला गेला. नजर कुठे गेली? आपल्याकडेही चोरी झाली की पोलिसांची गाडी आधी भटक्यांच्या बेड्यावरच जाते.

पुनर्वसनासाठी प्रत्येकी 5 लाख रुपये द्या, असं न्यायालय म्हणालं. मला हिशेबाची खोड. तुरुंगातल्या जवळपास सोळा वर्षांचे दिवस मोजले तर रोजचे नव्वद रुपयेही पडत नाहीत. आपल्याकडे कापूस वेचणारी बाई दुपारची शिदोरी सोडायच्या आत तेवढे कमावते. नाहक खटल्यात अडकलेल्या माणसांसाठी वेगळा कायदा करा, असं विधी आयोगाने 2018 मध्येच सुचवलंय. अहवाल क्रमांक 277. पडून आहे.

माझा एक अशील अपिलात सुटला. आत सुतारकाम शिकला होता, हात सुरेख. निकालाची प्रत लॅमिनेशन करून पिशवीत घेऊन फिरायचा. काम मागायच्या आधी तीच पुढे करायचा. लोक ‘सत्र खटला’ एवढंच वाचायचे आणि म्हणायचे, कळवतो. एकदा मला म्हणाला, “वकीलसाहेब, याच्यावर ‘निर्दोष’ असं मोठ्या अक्षरात लिहून नाही भेटत का?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. शेवटी एका म्हाताऱ्या मिस्त्रीने त्याला ठेवलं. चष्मा घरी राहिला होता म्हणे. कागद तसाच परत देत म्हणाला, “हे राहू दे बाप्पा, रंधा मारून दाखव.”