टेकडीवर जाता, मग ओढ्यावर का नाही?



अध्यक्षांनी माझी ओळख 'नदीवर काम करणारे' अशी करून दिली. ही बढती मला न मागता मिळाली आहे. मी साधा ओढेवाला माणूस. आपण बसलो आहोत तिथून दहा मिनिटांच्या अंतरावर जे पाणी वाहतं, त्याला कागदोपत्री रामनदी म्हणतात खरं, पण तिची सगळी लांबी सुमारे १९ किलोमीटर. महाराष्ट्रातल्या मोठ्या नद्या तिला घरात घेतील, पण पाटावर बसवणार नाहीत. आज मला तिच्याविषयीच बोलायचं आहे.

आधी एक हात वर करायला लावतो. आज सकाळी टेकडीवर कोण कोण गेलं होतं? बघा, निम्मं सभागृह. आता हात खाली घ्या. गेल्या वर्षभरात रामनदीच्या पात्राशी, म्हणजे पुलावरून गाडीनं नव्हे, पायी, कोण गेलं होतं? चार. त्यातले दोन माझ्याबरोबरच होते.

माझं व्याख्यान खरं म्हणजे एवढंच आहे. पण संयोजकांनी तासाभराचा वेळ दिलाय, तर तो भरतो.

पुणेकर टेकडीसाठी भांडतो. १९९७ साली पाषाण, बाणेर, बावधन धरून २३ गावं महापालिकेत आली, तेव्हा त्यांच्या विकास आराखड्यात टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचं, म्हणजे आपल्या बोलण्यातल्या 'बीडीपी'चं आरक्षण यावं म्हणून लोकांनी वर्षानुवर्षं चपला झिजवल्या. एप्रिल २०२३ मध्ये वेताळ टेकडीवरचे रस्ते आणि बोगदे नकोत म्हणून माणसं रस्त्यावर उतरली. ती का उतरली? पर्यावरणाची व्याख्या पाठ होती म्हणून नव्हे. रोज सकाळी तिथं त्यांचे गुडघे मोकळे होतात, तिथं मित्र भेटतात, तिथं मोर ओरडतो, उतरल्यावर चहा होतो. ती टेकडी त्यांची होती. आधी मजा होती, मागून मोर्चा आला. संरक्षणाच्या गप्पा मारणारे आम्ही हा क्रम नेहमी उलटा लावतो. 'वाचवा, वाचवा' म्हणून आधी घाबरवतो, आणि लोक येत नाहीत म्हणून नंतर रुसतो.

आता गंमत अशी, की टेकडी आणि ओढा या दोन गोष्टीच नाहीत. रामनदी मुळशी तालुक्यात खाटपेवाडीच्या डोंगरात उगम पावते, भूकुम, भूगाव, बावधन, पाषाण, सुतारवाडी, सोमेश्वरवाडी, बाणेर करत औंधला मुळेला मिळते. पण हा झाला तिचा पत्ता. तिचं शरीर त्याहून कितीतरी मोठं आहे. जिथं पडलेला थेंब शेवटी तिच्यात येतो, ती सगळी जमीन तिची, त्यालाच पाणलोट म्हणतात. वेताळ टेकडीच्या पाषाणकडच्या उतारावर तुम्ही सकाळी चालता, तेव्हा तुम्ही रामनदीतच असता, फक्त पाय कोरडे असतात एवढंच. आपल्या भाषेला हे नीट ठाऊक होतं. उतारावर उमटते ती ओघळ, तीन-चार ओघळी मिळाल्या की ओहोळ, ओहोळांचा ओढा, ओढ्यांची नदी. एकेका पायरीला एकेक शब्द. या सगळ्या घराण्याला आपण आता एकच शब्द लावतो, नाला. आणि नाला म्हटलं की पुढचा शब्द ठरलेला, सफाई. ओढ्याची कुणी 'सफाई' करत नसे. ओढ्यावर धुणं होई, म्हशी बसत, मुलं उड्या मारत.

जरा इतिहासात जाऊ, कारण पुण्याला ओढ्याशी खेळायची सवय जुनी आहे. आंबिल ओढा कात्रजच्या डोंगरातून येतो. अठराव्या शतकात नानासाहेब पेशव्यांनी त्यावर कात्रजला तळं बांधलं आणि तिथलं पाणी दगडी नळानं थेट शहरातल्या हौदांपर्यंत आणलं. वाटेत हवा मोकळी व्हायला आणि गाळ बसायला उच्छ्वास बांधले, त्यातले काही आजही दिसतात. त्याच काळात ओढ्याचा मूळ प्रवाह वळवला, पर्वतीच्या पायथ्याशी तळं केलं, तीच आजची सारसबाग, आणि सुटलेल्या जमिनीवर पेठा वाढल्या. म्हणजे ओढा वळवणं हे पाप आहे असं काही मी म्हणत नाही. पेशव्यांनी ओढ्याची जागा घेतली, पण त्याला दुसरी जागा दिली. आपण जागा घेतली आणि द्यायला विसरलो.

याच आंबिल ओढ्याला पूर आला ती २५ सप्टेंबर २०१९ ची रात्र तुम्हाला आठवत असेल. अरण्येश्वर, टांगेवाले कॉलनी, सहकारनगर. पुणे शहर आणि परिसरात वीसहून अधिक माणसं त्या पावसात गेली. माझ्या आधीच्या पिढीला पूर म्हटलं की १२ जुलै १९६१ आठवतो, पानशेत. तो धरण फुटून आलेला पूर होता, त्याला बोट दाखवायला काहीतरी होतं. २०१९ ला काय फुटलं? काहीच नाही. ओढ्यानं फक्त जुनी वाट शोधली, आणि तिथं भिंत होती.

आपल्याकडेही हे होऊन गेलंय. ४ ऑक्टोबर २०१० ला पुण्यात चोवीस तासांत सुमारे १८१ मिलिमीटर पाऊस झाला आणि रामनदी पाषाण-बाणेरमध्ये घरांत शिरली. एक हिशेब सांगतो, तो मला फार आवडतो. एका एकरावर १८१ मिलिमीटर पडला म्हणजे सव्वासात लाख लिटरच्या वर पाणी झालं. दहा हजार लिटरचे त्र्याहत्तर टँकर. आता ज्या सोसायटीनं त्या एका एकरावर गेटपासून पार्किंगपर्यंत सिमेंटचे ठोकळे बसवले, तिनं हे त्र्याहत्तर टँकर एका दिवसात रामनदीत ओतले. आणि मे महिन्यात तीच सोसायटी टँकरवाल्याला फोन करते, "दादा, आज तरी पाठवा." हसू नका, मी त्याच सोसायटीत राहतो.

ठोकळे नसते तर यातलं काही पाणी जमिनीत मुरलं असतं. मुरलेलं पाणी जातं कुठं? आपल्या पायाखाली काळ्या दगडाचे थर आहेत. एक थर घट्ट, त्यावरचा सच्छिद्र, भेगांचा. पाणी सच्छिद्र थरातून उतरतं, घट्ट थर लागला की खाली जायला वाट नाही, मग ते आडवं सरकतं, आणि उताराला जिथं हा सांधा उघडा पडतो तिथं झरा फुटतो. बावधनला रामनदीच्या काठी असे झरे आहेत. हे झरे राहावेत म्हणून तिथल्या नागरिकांनी आवाज उठवला, आणि पुण्यातल्या ॲक्वाडॅम या संस्थेच्या भूजलतज्ज्ञांनी त्यामागचं शास्त्र सोपं करून सांगितलं. पावसाळा संपल्यावरही ओढा वाहता राहतो तो या झऱ्यांमुळे. नदी वरून भरते असं आपल्याला वाटतं. आठ महिने ती खालून भरत असते. तळाला काँक्रीट केलं की तिचं दूधच तुटलं.

मग लोकांनी करायचं काय? पुण्यात २०१४ पासून 'जीवितनदी' नावाची संस्था काम करते. मला त्यांचं आवडतं ते 'दत्तक घेऊया नदीकिनारा'. सबंध नदी नाही, एक तुकडा. मुठेवर विठ्ठलवाडी, आणि इकडे औंधला राम-मुळेचा संगम. ठरलेल्या दिवशी सकाळी माणसं जमतात, कचरा उचलतात, झाडं ओळखतात, मुलांना पाण्यातले किडे दाखवतात, निर्माल्याला वेगळी जागा करतात. नदीची पदभ्रमंती काढतात, मुठाई महोत्सव करतात. आणि घरच्या मोरीपासून सुरुवात करा म्हणतात, म्हणजे रिठा, शिकेकाई, घरगुती साबण. मला आधी हे जरा भाबडं वाटलं होतं. सांडपाण्याचे मोठमोठे पाइप सुटलेत आणि तुम्ही रिठ्याचं काय घेऊन बसलात? पण मग लक्षात आलं, रिठ्यानं नदी स्वच्छ होत नसेल, माणूस नदीच्या बाजूला येतो. भांडी घासताना त्याला पाइप कुठं जातो हे आठवू लागतं. असाच माणूस पुढं प्रभाग समितीत जाऊन निळी रेषा कुठं आहे ते विचारतो.

निळी रेषा म्हणजे सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द, लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नकाशावर या रेषा सुंदर दिसतात. ओढ्याच्या काठी गेल्यावर मात्र निळ्या रेषेच्या आत राडारोड्याचा ढीग, त्यावर मुरूम, त्यावर पत्र्याची शेड, आणि शेडवर 'जागा विकणे नाही'. हे पाहायला चालावंच लागतं. नकाशा घरबसल्या मिळतो, पत्र्याची शेड नाही.

आणखी एक अडचण, तिच्यावर कुणाला टाळ्या मिळत नाहीत. उगमाकडची भूकुम, भूगाव ग्रामपंचायतींकडे, खालचं सगळं महापालिकेकडे. पाण्याला हद्द कळत नाही, फायलीला कळते. म्हणून पाषाणच्या माणसानं वर्षातून दोनदा तरी भूगावला जावं. उपदेश करायला नव्हे, तर मानस तलावावर बसायला. तिथल्या बायाबापड्यांना विचारावं, मावशी, पूर्वी पाणी कसं होतं? त्या आपल्याला दोन गोष्टी शिकवतील, आणि एक आपल्यालाच ऐकवतील.

थोडं सुखाविषयी बोलतो, कारण मी सुरुवात तिथून केली. पाषाण तलाव रामनदीवरच आहे. इंग्रजी अमदानीत गणेशखिंडीतल्या लाटसाहेबांच्या बंगल्याला पाणी लागे, त्यासाठी त्याचा उपयोग. थंडीत तिथं थापट्या, तलवार बदक अशी परदेशी पाहुणी येत. जलपर्णी पसरली, तशी ती कमी झाली. ओढ्यावर आज तुम्हाला खंड्या दिसेल, धोबी शेपटी हलवत फिरेल, लांब लाल पायांचा शेकाट्या दिसेल. शेकाट्या पाहून मात्र लगेच खूश होऊ नका. त्याला घाण पाणी चालतं. तो रुबाबदार दिसतो, पण ती नदीच्या तब्येतीची शाबासकी नव्हे. काठावर एखादा वाळुंज उभा असेल, करंज असेल, उंबर असेल, त्यांच्याकडे बघा. ही झाडं कुणी लावलेली नाहीत, आणि ती काठ धरून ठेवतात. सुशोभीकरणात पहिल्यांदा हीच पडतात आणि त्यांच्या जागी कुंडीतलं ताडाचं झाड येतं.

वेळ संपल्याची चिठ्ठी आली आहे. अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिलेलंही मी पाहिलं.

तर येत्या रविवारी सकाळी साडेसहाला सोमेश्वराच्या देवळापाशी जमू. तिथून पात्राच्या कडेनं बाणेरकडे, जमेल तेवढं. जुने बूट घाला, पाण्याची बाटली घ्या, घरातल्या लहान मुलांना आणा. चिठ्ठीवर मागच्या बाजूला कुणीतरी प्रश्नही लिहिलाय, "वास येतो का?"

येतो. पहिली दहा मिनिटं फार येतो.