लेह : हिमावर जगणारे नगर

वाळवंट म्हटले की तापलेली वाळू डोळ्यांपुढे येते. लडाखमधील लेह हे मात्र सिंधूच्या खोऱ्यात, सुमारे ३,५०० मीटर उंचीवर वसलेले शीत वाळवंटातील नगर होय.

सह्याद्रीच्या पूर्वेस माण-खटाव, तसे हिमालयापलीकडे लेह पर्जन्यछायेत येते. मोसमी वारे दक्षिण उतारावरच रिते होतात. पाऊस व हिम मिळून येथे वर्षाकाठी जेमतेम १०० मिलिमीटर पाणी पडते. जानेवारीच्या रात्री पारा शून्याखाली १५ ते २० अंश उतरतो. जुलैच्या दुपारी तो २५ अंशांच्या आसपास असतो.

येथील शेतकरी ढगांकडे नव्हे, तर हिमशिखरांकडे पाहून जव पेरतो. वितळलेल्या बर्फाचे पाटपाणी पाळीपाळीने वाटण्यास गावोगावी ‘चुरपोन’ नेमलेला असतो. परंतु पेरणीच्या सुमारास उंचावरील हिमनद्या गोठलेल्याच असतात. म्हणून अभियंते चेवांग नोर्फेल यांनी हिवाळ्यात वाया जाणारे पाणी गावांजवळ अडवून गोठविले. ते बर्फ लवकर वितळून पेरणीस उपयोगी पडते. या कार्याबद्दल त्यांना २०१५ मध्ये ‘पद्मश्री’ मिळाली.

जो पाऊस दुर्मिळ, तोच कधी घातकही ठरतो. ऑगस्ट २०१० मधील ढगफुटीत चिखलाचे लोंढे मातीच्या घरांवर कोसळले आणि दोनशेहून अधिक माणसे दगावली. सरासरी पाऊस अल्प असला, तरी ओढ्याची वाट मोकळीच ठेवली पाहिजे, हा लेहचा धडा प्रत्येक अवर्षणप्रवण गावाने ध्यानी घ्यावा.