तीस दिवसांनंतरचे म्हातारपण

परिषदेच्या अध्यक्षांनी विषयाच्या वाटचालीचा आढावा घ्यावा, अशी प्रथा आहे. तो थोडक्यात असा : १९६० मध्ये हृदयात कृत्रिम झडप बसवणे साधले, १९९० च्या अखेरीस तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत देशी बनावटीची झडप प्रथम रुग्णाला बसवली गेली, आणि २००२ मध्ये फ्रान्समधील रुआँ येथे आलँ क्रिबिए यांनी छाती न उघडता, रक्तवाहिनीतून नळी सरकवून महाधमनीची झडप बसवली. याच पद्धतीला आज ‘टावी’ म्हणतात. प्रगतीविषयी दुमत नाही. दुमत आहे ते तिच्या मोजमापाविषयी, आणि पुढील विवेचन तेवढ्यापुरतेच आहे.

उतारवयात महाधमनीच्या झडपेच्या पाकळ्यांवर कॅल्शियम साचून त्या ताठरतात, रक्ताची वाट अरुंद होते आणि धाप, छातीतील वेदना किंवा भोवळ सुरू झाल्यावर औषधांचा फारसा उपयोग उरत नाही. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘पार्टनर’ अभ्यासात, शस्त्रक्रियेस अयोग्य ठरलेल्या आणि टावीवाचून राहिलेल्या वृद्धांपैकी निम्मे वर्षभरात दगावले, तर टावी झालेल्यांपैकी सुमारे ३१ टक्के. त्यामुळे केवळ वयाकडे बोट दाखवून ऐंशीच्या पुढच्या माणसाला परत पाठवणे अशास्त्रीय आहे, हे आता सिद्ध करत बसण्याची गरज नाही. मात्र या व्यवसायात यश मोजण्याची रूढ पट्टी आजही तीस दिवसांचीच आहे : शस्त्रक्रियेनंतर तीस दिवसांत, अथवा त्याच मुक्कामात रुग्णालयात, मृत्यू न आल्यास शस्त्रक्रिया यशस्वी. साठीच्या रुग्णाला ही पट्टी चालते. शहाऐंशीव्या वर्षी, घरी नेल्यावर अंथरुणाला खिळून पंचेचाळिसाव्या दिवशी गेलेला माणूस तिच्या हिशेबात यशस्वीच ठरतो, आणि वर्षानुवर्षे परिषदांमधून टाळ्या पडतात त्या याच हिशेबाला.

छाती उघडावी की टावी करावी, हा वाद सकाळच्या सत्रात बराच रंगला. अध्यक्षांच्या दीर्घ व्यवसायातील दोन रुग्ण त्या वादात निसटलेला मुद्दा दाखवण्यास पुरेसे आहेत. सातारा जिल्ह्यातील एका निवृत्त शिक्षकांची टावी निर्वेध पार पडली, चौथ्या दिवशी ते घरी गेले आणि सोनोग्राफीत झडप उत्तम दिसली. परंतु आधीपासूनच त्यांना अंघोळीला दुसऱ्याचा हात लागत होता आणि स्मरण ढासळत होते, ही गोष्ट कोणी विचारात घेतली नव्हती. दोन महिन्यांत ते मुलांनाही ओळखेनासे झाले. फलटणजवळच्या त्र्याऐंशी वर्षांच्या एका आजींच्या पायांच्या रक्तवाहिन्या नळीसाठी फारच अरुंद असल्याने छाती उघडावी लागली. दोन रात्री त्या संभ्रमात सुनेला आईच्या नावाने हाका मारत होत्या आणि मुक्काम तीन आठवड्यांवर गेला. पुढच्या आषाढात पालखी आली तेव्हा वारकऱ्यांच्या भाकऱ्या त्यांनी स्वतः थापल्या. दप्तरात शिक्षकांची नोंद ‘यशस्वी’ आणि आजींची ‘गुंतागुंतीची’ अशी आहे.

फरक सुरी आणि नळी यांच्यातला नव्हता. आजी शस्त्रक्रियेपूर्वी वॉर्डाच्या बोळातून एकट्या चालत होत्या. शिक्षकांना ते जमत नव्हते. शरीराची राखीव ताकद संपत आल्याची ही अवस्था, जिला जर्जरता म्हणावे, पाच मीटर चालण्यास लागणाऱ्या वेळातूनही दिसते : सहा सेकंद वा अधिक लागणाऱ्या वृद्धांमध्ये शस्त्रक्रियेनंतर मृत्यूचा व मोठ्या गुंतागुंतींचा धोका दोन ते तीन पटींनी वाढतो, असे २०१० च्या एका अभ्यासात आढळले. खुर्चीवरून हाताचा आधार न घेता पाच वेळा उठणे, स्मरणाची छोटी चाचणी, हिमोग्लोबिन आणि रक्तातील अल्ब्युमिन हे प्रथिन यांतूनही तिचा अंदाज येतो. लाखोंची यंत्रे दिमाखाने मांडणाऱ्या रुग्णालयांना पाच मीटर मोकळी जागा मात्र सापडत नाही, हे नवलच!

याहून चीड आणणारी गोष्ट म्हणजे मुलगे आणि जावई डॉक्टरांच्या खोलीत खर्चाचा व जोखमीचा खल करतात आणि ज्याची छाती उघडायची तो म्हातारा बाहेर बाकावर बसलेला असतो. त्या आजींना थेट विचारले गेले होते. ‘चुलीपर्यंत जाता आलं पाहिजे, बाकी देवाची मर्जी,’ एवढेच त्यांचे मागणे होते. झडपेतून रक्त किती वेगाने वाहते हे दशांशापर्यंत नोंदवणाऱ्या व्यवसायाने अशा मागण्यांसाठी एकही रकाना ठेवू नये, हे समजण्यापलीकडचे आहे.

परिषदेने ऐंशीच्या पुढील रुग्णांची सामाईक नोंदवही सुरू करावी, वर्षानंतर प्रत्येक घरी दूरध्वनी करून रुग्ण स्वतः चालतो का, जेवतो का, न्हाणीपर्यंत जातो का, हे विचारावे, अशी सूचना अध्यक्षस्थानावरून मांडण्यात येत आहे. दूरध्वनी कोणी करायचे आणि खर्च कोठून भागवायचा, हे कार्यकारिणी पुढे ठरवील. तोवर ओपीडीच्या फरशीवर पाच मीटरची रेघ आखून घेण्यास कोणाच्याही परवानगीची गरज नाही.