सहा मिनिटांचे चालणे आणि आमचे आकडे
(गडहिंग्लज येथे रविवारच्या उपासनेनंतर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



पाळकसाहेबांनी कामाची साक्ष द्यायला सांगितले आहे. देते, पण आजची साक्ष थोडी अवघड आहे. गेल्या वर्षी याच त्रैमासिकात मी लिहिले होते की, सातपुड्यातल्या पाड्यांवरचे आपले दम्याचे रुग्ण आठ आठवड्यांच्या व्यायामानंतर जास्त चालू लागले. सोबत मीटरचे आकडे दिले होते. ते वाचून आपल्यापैकी काहींनी देणगी पाठवली. ते आकडे काढण्याची आमची रीत कच्ची होती. रीत मीच ठरवली होती, म्हणून चूक माझी.

आधी आजाराविषयी. धडगाव-अक्कलकुव्याकडे घरातच चूल पेटते आणि धुराला बाहेर जायला वाट नसते. बाया लहानपणापासून तो धूर गिळतात. विडीला कधी हात न लावलेल्या बाईलाही त्यातून सीओपीडी होतो. पुण्याचे डॉ. संदीप साळवी यांनी डॉ. बार्न्स यांच्यासह २००९ साली ‘लॅन्सेट’मध्ये हा विषय जगापुढे मांडला. आपल्याकडे गुऱ्हाळाच्या चुलवाणापुढे बसणाऱ्याचे डोळे तुम्ही पाहिले असतील. पण गुऱ्हाळाचा हंगाम संपतो, घरच्या चुलीचा संपत नाही.

फुंकायच्या यंत्रावर श्वासनळ्या किती अडल्या ते कळते. ती बाई झऱ्यावरून हंडा आणू शकते का, ते मात्र चालवूनच कळते. ब्रिटनमधल्या डॉक्टरांनी १९७६ मध्ये अशा रुग्णांना बारा मिनिटे चालवून पाहिले. पुढे १९८२ मध्ये सहा मिनिटेही पुरतात असे दिसून आले. तीस मीटरची सपाट जागा घ्यायची, दोन्ही टोकांना खुणा ठेवायच्या आणि सहा मिनिटांत जमेल तेवढे अंतर चालायला सांगायचे. धाप लागली तर थांबायचे, पण घड्याळ चालूच राहते. दोरी, घड्याळ, खुर्ची आणि बोटाला लावायचे ऑक्सिमीटर, एवढेच सामान. गरिबाच्या अंगणात करता येईल अशी ही तपासणी आहे. सोपी दिसते म्हणूनच मी ती हलक्यात घेतली.

आमच्या एक मावशी पहिल्या दिवशी २८० मीटर चालल्या आणि आठ आठवड्यांनी ३१४. म्हणजे ३४ मीटरची वाढ. मी आनंदाने लिहून मोकळी झाले. नंतर एका डॉक्टरांनी सहज विचारले, “पहिल्या दिवशी दोनदा चालवले होते का?” नव्हते. एकदाच चालवले होते. युरोप आणि अमेरिकेच्या श्वसनतज्ज्ञांनी २०१४ मध्ये घालून दिलेले नियम मी तेव्हा कुठे नीट वाचले. चाचणी दोनदा घ्यावी, मध्ये निदान अर्धा तास विश्रांती द्यावी आणि त्यातला मोठा आकडा धरावा, असे त्यांत आहे. कारण सीओपीडीचे रुग्ण दुसऱ्या खेपेला सरासरी २६ मीटर जास्तच चालतात. औषध नाही, व्यायाम नाही, फक्त काय करायचे ते कळलेले असते आणि भीती गेलेली असते. रुग्णाला जाणवेल असा फरक त्याच नियमांत ३० मीटरच्या आसपास धरला आहे. आता मावशींच्या ३४ मीटरांतला व्यायामाचा वाटा किती आणि सवयीचा किती, हे मी कशावरून सांगू?

दुसऱ्या बाजूनेही चूक झाली, आणि तिचे मला जास्त वाईट वाटते. एका काकांची पहिली चाचणी शाळेच्या लांब व्हरांड्यात झाली. दुसऱ्या वेळी शाळा भरलेली होती, म्हणून बारा मीटरच्या अंगणात घेतली. तिथे सारखे वळावे लागते, आणि प्रत्येक वळणावर पाय अडखळतो. अंतर घटले. “तुम्हाला गुण येत नाही,” असे मी त्यांना सांगितले आणि त्यांचे नाव व्यायामाच्या यादीतून काढणार होते. ते बिचारे मान खाली घालून म्हणाले, “ताई, जमेल तसं चाललो.” जागा बदलली होती, हे माझ्या लक्षातच आले नव्हते. पुढे शाळेच्या सुट्टीत त्याच व्हरांड्यात पुन्हा चालवले, तेव्हा आकडा पहिल्याच्या वर गेला. नाव यादीत राहिले.

गडहिंग्लजच्या बाजारात मिरचीचा सौदा करणाऱ्यांना हे समजवायला नको. आज ओली मिरची तोलली आणि उद्या वाळलेली, तर त्यावरून काट्याला दोष देणार का? चालण्याची चाचणीही तशी भरवशाची आहे. तोच माणूस, तीच जागा, तेच बोलणे असले की आकडे एकमेकांना धरून येतात. बोलणे म्हणते, कारण कॅनडात १९८४ मध्ये असे दिसले की, चाचणी घेणारा धीर देत राहिला तर रुग्ण सुमारे तीस मीटर जास्त चालतो. आमच्या एक सिस्टर फार प्रेमळ आहेत, सहा मिनिटे त्यांचे तोंड बंद नसते. दुसऱ्या घड्याळाकडे बघत गप्प उभ्या राहतात. आता दर मिनिटाला काय म्हणायचे ते ठरवून दिले आहे. तेवढेच आणि त्याच शब्दांत, पावरी बोलणाऱ्यांना पावरीत. प्रेमळ सिस्टरांना ते अजून जड जाते.

खोट्या तराजूविषयी नीतिसूत्रांत काय आहे ते आपल्याला ठाऊक आहे. मी मुद्दाम खोटे तोलले नाही, पण देणगी देणाऱ्याच्या हातात शेवटी तोच आकडा पडतो.

म्हणून गेल्या वर्षीच्या रुग्णांचे मीटरचे आकडे आम्ही मागे घेत आहोत. ते दुरुस्त करता येत नाहीत, कारण पहिला दिवस परत येत नाही. नव्या रुग्णांना एकाच दिवशी दोनदा चालवतो. शाळेची सुट्टी पाहून व्हरांडा मागतो. ऑक्सिजन ८० टक्क्यांच्या खाली गेला तर चाचणी तिथेच थांबवतो. एका पाड्यावर पूर्वी सकाळी दहा जण होत, आता चारच होतात. त्यामुळे पुढच्या अहवालात रुग्णांची संख्या कमी दिसेल. जीपच्या फेऱ्या मात्र वाढल्या आहेत, हेही सांगून ठेवते.

मावशी म्हणतात की, पूर्वी झऱ्यापर्यंत तीनदा बसावे लागे, आता एकदाच बसते. त्यांचे हे म्हणणे मी त्यांच्याच शब्दांत नोंदवले आहे, मीटरच्या रकान्यात घातलेले नाही. पुढच्या महिन्यात त्यांना पुन्हा चालवणार आहोत, दोनदा, त्याच व्हरांड्यात.